बाहेरून लावलेली कडी

"कोण कोणाला घेऊन पळणार, ते आत्ताच ठरवून ठेवा!"

उधव्याच्या बाजूच्या त्या पाड्यावर घरोघरी हीच बोलणी चालली होती. २०१८ सालचा नोव्हेंबर सरत आला होता आणि तलासरी-डहाणूकडची जमीन मधूनच हादरायला लागली होती. आधी भुईच्या पोटातून खाणीत सुरुंग उडावा तसा आवाज यायचा. मग मांडणीवरची भांडी वाजायची, कौलं सरकायची आणि माणसं हातातलं टाकून खळ्याकडे पळायची. घाबरू नका, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता, आणि सांगताना स्वतः मात्र उंबऱ्याच्या बाहेर उभा होता.

मग घरोघरी वाटण्या झाल्या. म्हातारीला थोरल्याने उचलायचं, तान्हं आईने घ्यायचं, शेळ्यांची दावी धाकट्याने सोडायची. शेळ्यांचासुद्धा विचार झाला! फक्त लडक्याच्या घरात हा विषय निघाला की त्याची बायको तानी चुलीत फुंकर घालायला वळायची आणि म्हातारी आई तुळशी पाखडलेले तांदूळ पुन्हा पाखडत बसायची.

कारण लडक्याला पळता येत नव्हतं. पळणं सोडाच, तो उठून बसतही नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, २०१५च्या उन्हाळ्यात, तो ताडावरून पडला होता. ताडी काढण्यात त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन्ही पावलांत दोराचा फास अडकवायचा, खोडाला मिठी मारायची, हातांवर अंग तोलायचं आणि जोडलेले पाय वर ओढून घ्यायचे. पुन्हा हात, पुन्हा पाय. बघता बघता तो शेंड्याला असायचा. त्या दिवशी वरून सुटला आणि पाठीवर आपटला.

लोक धावले, हे चांगलंच झालं. पण त्यांनी केलं काय? एकाने खांदे धरले, एकाने पाय धरले आणि भाताच्या पोत्यासारखा उचलून त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवला. खडबडीत रस्ता, डुलणारी मान, आणि मोडलेली पाठ! पाठीला मार लागलेल्या माणसाला वाकवायचं नसतं, बसवायचं नसतं, सपाट फळीवर नाहीतर खाटेवर निजवून, न हलवता न्यायचं असतं, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. त्यांच्या मनात पाप नव्हतं हो! पण पाप नसूनही माणूस जन्माचा लुळा होऊ शकतो. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली आहे, कमरेखाली जाणीव परत येईलसं दिसत नाही.

घरी आणल्यावर भगताने आपलं निदान केलं. ताडावरचं काहीतरी त्याच्या पाठीवर बसून आलं आहे! झालं. पाड्यावरच्या बायका आपल्या पोरांना त्याच्या अंगणातून जाऊ देईनात. आधी भेटायला येणारे मित्र बांधावरूनच तानीला विचारायचे, "कसा हाय तो?" आणि पुढे निघायचे.

लडक्याची स्वतःची भीती वेगळीच होती. त्याला उठवून बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, घर फिरायचं आणि आपण पुन्हा ताडावरून सुटलो असं वाटायचं. तो तानीचा दंड घट्ट धरून ओरडायचा, "निजव! निजव मला!" शेवटी तिने बसवणं सोडून दिलं. निजून निजून माकडहाडावर जखम झाली, ती चिघळली, भरली, पुन्हा चिघळली.

आता त्या कडीबद्दल सांगतो.

तानी उंबरगावच्या एका कारखान्यात कामाला जायची. सकाळी जीप भरली की निघायची, ती दिवेलागणीला यायची. तुळशी शेळ्या घेऊन टेपाडावर जायची. एके दिवशी उघड्या दारातून कुत्रं आत शिरलं. त्याने लडक्याच्या उशाशी ठेवलेली भाकरी खाल्ली आणि मग त्याच्या पायांचा वास घेत उभं राहिलं. लडक्या ओरडत राहिला, पण कुत्र्याला कळलं होतं की हा माणूस उठणार नाही. त्या संध्याकाळी तो बायकोला बोलला, "उद्यापासून बाहेरून कडी लावून जा."

हे वाचून कोणी तानीला नावं ठेवू नयेत. त्या पाड्यावर असं करणारी ती एकटी नव्हती. शेजारच्या काकड्याची आई रूपी हिची डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती, तिलाही कडी लावूनच सगळे कामाला जायचे. घरी राहायला माणूस नाही, मग करायचं काय? आणि लडक्यालाही ती कडी हवीच होती. दार बंद असलं की कोणी बघत नाही. बघत नाही म्हणजे कोणी कीव करत नाही. त्या अंधाऱ्या खोलीत त्याला लपल्यासारखं वाटायचं.

भुई हलायला लागली आणि त्या लपण्याचा अर्थच बदलला.

डिसेंबरातल्या एका दुपारी मोठा आवाज झाला. लडक्याच्या अंगाखालची जमीन आडवी सरकल्यासारखी झाली. मांडणीवरचा तांब्या त्याच्या खांद्यावर पडला. वर पाहिलं तर आढं हलत होतं आणि कौलांच्या फटीतून माती गळत होती. ती त्याच्या डोळ्यांत गेली, तोंडात गेली. त्याने हात पसरून भुई धरायचा प्रयत्न केला. पण जी धरायची तीच हलत होती!

"आय! आय गं! कोणी हाय का?"

बाहेर पळापळ चालली होती. कुणाची तरी कोंबडी फडफडत गेली, कुणाचं पोर रडत गेलं. मग सगळी खळ्यावर जमली आणि आपापली माणसं हाका मारून मोजायला लागली. कुडाच्या भिंतीतून त्याला सगळं ऐकू येत होतं. "लखमी!" "हाय!" "बारक्या!" "हाय, हाय!" एकेका घराची हाक झाली, एकेका घराचा जीव भांड्यात पडला. लडक्या श्वास रोखून आपल्या नावाची वाट बघत राहिला.

त्याचं नाव कोणीच घेतलं नाही.

तुळशी धापा टाकत टेपाडावरून आली तेव्हा तो मातीने माखलेला होता. संध्याकाळी तानी आली. तिला कारखान्यात हादरा जाणवला होता, पण जीप सुटल्याशिवाय यायचं कसं? तिने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं.

"मी उद्यापासून जात नाय कामाला," ती बोलली.

"मग खायचं काय? भगताचा अंगारा?"

"मग कडी लावत नाय."

"आणि कुत्रं आलं तर?"

तिने फडकं पिळून बाजूला ठेवलं. तो आढ्याकडे बघत बोलला, "तानी, सगळी मोजून झाली गं त्यांची. मी त्यांच्यात नव्हतोच. मी मेलेलाच हाय का?"

तानीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने कडी लावली आणि ती कामाला गेली. रोज सकाळी कडीचा आवाज आला की लडक्याच्या अंगाला घाम सुटायला लागला. पूर्वी ज्या आवाजाने बरं वाटायचं, त्याच आवाजाने! दिवसभर तो कान भुईला लावून असायचा. लांबून ट्रक गेला तरी त्याला वाटायचं, आला!

हे सगळं पाहिलं ते पाड्यावर येणाऱ्या हिरू या 'आशा' आरोग्यसेविकेने. ती घाबरली आणि चिडलीही. तिच्या ओळखीचा एक माणूस होता, धाकटी डहाणू गावचा लाहू. पूर्वी मच्छीमार बोटीवर खलाशी होता. बोटीच्या खणात पाठीवर पडून त्याचेही पाय गेले होते. पण हा गडी दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन डहाणूच्या बंदरापासून डोंगरापर्यंत फिरायचा आणि आपल्यासारखे कोण कुठे पडून आहेत ते शोधायचा. हिरूने त्याला निरोप दिला आणि एका रविवारी तो आला.

"लडक्याभाऊ, आहात का घरात?" त्याने अंगणातून हाक मारली. "आत येऊ का?"

पाय गेलेला माणूस घरात नाहीतर कुठे असणार, असं आपल्याला वाटेल. पण तीन वर्षांत लडक्याला कोणी विचारून आत आलं नव्हतं. तो गोंधळला. "या," एवढंच बोलला.

लाहू स्कूटरवरून हातांवर उतरला. बुडाखाली जाड गादी बांधलेली होती. हात टेकायचे, अंग उचलायचं, पुढे ठेवायचं, असं करत त्याने उंबरा ओलांडला. तुळशीने पदर तोंडाला लावला. "अरे देवा, याचे पण पाय नाय!"

"नायत आजी," लाहू हसला. "पण चहा पितो मी."

चहा झाला. लडक्याने जे विचारायचं ते विचारलं. "दादा, पाय परत येतात का?"

"माझे नाय आले. तुझे येतील असं खोटं सांगायला मी एवढ्या लांब पेट्रोल जाळत आलेलो नाय. काहींचे थोडे येतात, ते डॉक्टर सांगतील. मी तुझे हात बघायला आलो. दाखव. ताड चढलेले हात आहेत ना हे? अरे, माझ्यापेक्षा दणकट आहेत!"

"पण मला बसवत नाय. बसलो की पडतो."

"पडशील कुठे? खाली भुई आहे."

"तरी पडतो," लडक्या बोलला, आणि त्याचे डोळे भरून आले. "सारखा पडतो. डोळे मिटले तरी पडतो. आणि आता ती भुई पण हलते. मला लई भीती वाटते, दादा."

तानीने नवऱ्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. लाहूने 'मर्द माणसाने घाबरायचं नाही' असं काही सांगितलं नाही. तो बोलला, "मला अजून बोटीवर चढवत नाय. बंदरावर गेलो की पोटात गोळा येतो. तरी रोज मासळीच्या लिलावाला जातो. पोटात गोळा घेऊनच जातो. भीती जायची वाट बघत राहिलो असतो तर आजपण पडवीत निजून माशा मारल्या असत्या. ती राहू दे तिच्या जागेवर. तू तुझं काम कर."

"कसलं काम?"

"दार. या गोधडीपासून त्या दारापर्यंत जायचं, एकट्याने. उद्या मोठा हादरा आला तर तुला उचलायला कोण येणार, सांग? वहिनी कारखान्यात, आजी रानात. शेजारी स्वतःचा जीव घेऊन पळणार, आणि पळतील तर त्यांना दोष देऊ नको. तुला तूच बाहेर काढायचा."

काम सुरू झालं, आणि ते काही मजेचं नव्हतं. जखमेची मलमपट्टी हिरू करायची, आणि लाहूने आपल्यासारखीच जाड गादी त्याच्या बुडाखाली बांधली. लाहूने शिकवल्याप्रमाणे तानी त्याच्या पाठीमागे गोधड्यांचा टेकू द्यायची. आज थोडा, दोन दिवसांनी आणखी थोडा, म्हणजे एकदम अंधारी येऊ नये. लडक्या दातओठ खाऊन बसायचा. कपाळावर घाम, आणि डोळ्यांपुढे तोच ताड. एकदा तर टेकू सुटला आणि तो कुशीवर कोसळला, तेव्हा असा किंचाळला की तुळशी म्हणाली, "पुरे करा रे छळ माझ्या पोराचा!" दोन दिवस त्याने उठायचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हादरा आला, बारीकसा, आणि हादरा गेल्यावर लडक्या स्वतःच कोपरावर उठला. भीतीने माणूस गारठतो तसा कधी कधी उठूनही बसतो.

बसायला येऊ लागलं, पण सरकताना वेगळीच अडचण आली. हातांवर अंग उचललं की पाय दोन दिशांना फाकायचे आणि कुठेतरी अडकायचे. लाहूलाही यावर नीट इलाज सुचत नव्हता. तेव्हा लडक्या एकदम बोलला, "तानी, माझा दोर आण. ताडाचा."

तानीने काळजीने दोर आणला. त्याने त्याचा फास करून दोन्ही पावलांत अडकवला आणि खाली फडकं गुंडाळलं, म्हणजे न कळता कातडी सोलायची नाही. मग हात टेकले, अंग तोललं, आणि जोडलेले पाय मांड्यांना हात घालून ओढून घेतले. पुन्हा हात, पुन्हा पाय. तो सरकला! तो ताड चढत होता, पण आडवा, भुईवरून!

"अरे वा रे वा!" लाहू ओरडला. "हे तर मलाच शिकायला पाहिजे!"

तीन वर्षांनी लडक्या हसला. त्याची आई दारामागे जाऊन रडली.

जानेवारी संपेपर्यंत तो उंबऱ्याशी पोचायला लागला. उरली ती बाहेरची कडी.

"वहिनी, ती आता लावू नका," लाहूने सांगितलं.

तानी उसळली. "तुम्हाला सांगायला काय जातं? मी तिकडं मशीनपुढं उभी असते. कडी लावलीय हे माहीत असलं की मनाला वाटतं, ठेवलाय तसा असेल. उघडं टाकून गेले तर माझं चित्त नाय थाऱ्यावर राहणार, हात जाईल मशीनमधे!"

"म्हणजे कडी तुमच्या जिवासाठी आहे. त्याच्या नाय."

"हो, माझ्या! मला जीव नाय का? तीन वर्षं मी एकटी खेचते हे सगळं!"

"खरं आहे तुमचं," लाहू बोलला. "तुम्हाला कोणी विचारलं नाय कधी. पण वहिनी, ठेवलाय तसा राहायला तो मडकं आहे का? घाबरायचं तर दोघांनी घाबरा. त्याला आत कोंडून तुमची भीती कमी करू नका."

तानी रात्रभर जागी राहिली असावी, कारण सकाळी तिचे डोळे सुजलेले होते. तिने नवऱ्याला शब्द दिला, "आजपासून नाय लावणार." आणि तिने तो पाळलाही. काही दिवस दार नुसतं लोटलेलं राहिलं. कोंबड्या आत आल्या, कुत्रंही एकदा डोकावलं, पण बसलेल्या माणसाने काठी उगारल्यावर पळालं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक दिवस सकाळीच जमिनीने दणका दिला. सगळे खळ्यावर धावले, थोड्या वेळाने परतले. तुळशी शेळ्या घेऊन टेपाडाकडे निघून गेली. रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. तानी घाईघाईने डबा घेऊन निघाली, आणि जाता जाता वर्षानुवर्षांच्या सवयीने तिचा हात वर गेला. तिला ते कळलंही नाही. आत लडक्याची पाठ दाराकडे होती, हॉर्नच्या आवाजात त्यालाही कळलं नाही.

दुपारी तो आवाज आला. आजवरच्या सगळ्या आवाजांपेक्षा मोठा.

पहिल्या झटक्यात चुलीवरचं भगुणं उलटलं. दुसऱ्यात आढं कडकडलं. लडक्या पावलांतला फास ओढत दाराकडे निघाला. हात, पाय. हात, पाय. मागे फट्‌ फट्‌ करत कौलं पडत होती. एक त्याच्या गोधडीवरच पडून फुटलं, जिथे आत्ता आत्ता त्याचं डोकं होतं! तो उंबऱ्याशी पोचला, त्याने दार ढकललं.

दार हललं नाही.

त्याने पुन्हा ढकललं. फटीतून बाहेरची कडी दिसत होती. कोयंड्यात घट्ट बसलेली.

"तानी!" तो ओरडला. ती कोसांवर होती हे माहीत असूनही ओरडला. त्या क्षणी त्याला वाटलं, झालं, संपलं, आपण दाराशी मरणार. घर फिरायला लागलं. तो पुन्हा ताडावरून सुटला होता आणि खाली जात होता, जात होता. त्याने डोळे मिटले नाहीत. पडता पडता त्याला समोर कूड दिसला.

तो कूड त्याने स्वतः घातला होता, लग्न झालं त्या वर्षी. कारवीच्या काठ्या उभ्या लावलेल्या, वेलीच्या बंधांनी आवळलेल्या, वरून शेणमाती लिंपलेली. तीन महिन्यांच्या हादऱ्यांनी लिंपण खाली निसटलं होतं. दारापाशी पाट्यावर वरवंटा होता. लडक्याने तो उचलला आणि कुडाच्या तळाशी हाणला. काठी मोडली. त्याने बंध दातांनी तोडला, काठ्या हातांनी उपसल्या, पुन्हा हाणलं. कोपरं सोलली, नखं उलटली. भोकातून ऊन आत आलं. त्याने आधी डोकं घातलं, मग खांदे, मग हातांनी बाहेरची माती धरून सगळं अंग खेचून घेतलं. पाय शेवटी आले, रक्ताने माखलेले, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मागे घराचा चुलीकडचा कोपरा खाली बसला.

खळ्यावर हाकारे चालू होते. आणि त्या गर्दीने पाहिलं, धुळीतून कोणीतरी हातांवर चालत येतंय. मातीने भरलेलं, रक्ताळलेलं, पाय बांधलेलं! एक बाई किंचाळली. दोनचार जण मागे सरले. भगत तर सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"रूपीमावशी कुठं हाय?" लडक्या ओरडला.

काकड्याने आजूबाजूला पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"आत... कडी लावलीय."

"मग बघतो काय! जा!"

काकड्या धावला. त्याच्यामागे आणखी दोघे धावले. म्हातारीला खाटेसकट बाहेर आणली. कपाळावर खोक पडली होती, पण जीव शाबूत होता आणि जीभ तर चांगलीच शाबूत होती. तिने अर्ध्या तोंडाने मुलाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. काकड्या खाली मान घालून ऐकत राहिला.

तानीला कारखान्यातून लवकर सोडलं होतं. ती रस्त्यापासून पळत आली. घराचा एक कोपरा बसलेला, लडक्याच्या जागेवरची कौलं गेलेली, आणि दाराला कडी! तिने कडीवर हात ठेवला, पण आत काय दिसेल या भीतीने ती कडी ओढेना. "मीच लावली," ती पुटपुटत राहिली, "मीच लावली, मीच..."

"तिकडं नको बघू," मागून आवाज आला. "मी हितं हाय."

ती वळली. आंब्याच्या सावलीत हिरू त्याच्या पायाला पट्टी बांधत होती. तानीने जाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. "मारा मला! माझ्या हाताने तुम्हाला पुरलं असतं मी!"

"राग आला होता," लडक्या बोलला. "अजून हाय. पण कडी लाव बोललो तो पण मीच होतो. आधी मला ती हवी होती."

तानी उठली. तिने दगड घेतला आणि कडीवर घाव घालायला लागली.

"तोडू नको गं!" लडक्याने तिला थांबवलं. "नीट काढ. घर उभं करू तेव्हा तीच आतून लाव. वर नको, खाली. मी बसून हात केला तर पोचेल अशी."

"आणि मी संध्याकाळी येईन ती कशी?"

"हाक मार. मी उघडीन."

नव्या कुडाच्या घराला तीच कडी बसली, आतून आणि खाली. पाड्यावरची माणसं ती बघायला यायची आणि हसायची, ही काय पोरांची कडी? मग काकड्याने आपल्या दारालाही तशीच बसवून घेतली, आणि हसणं थांबलं.

२०१९च्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगतो. लाहूच्या स्कूटरवर मागे बसून लडक्या डहाणूजवळच्या नरपडला गेला होता. तिथे नविन नावाचा तरुण चिकूच्या झाडावरून पडून लुळा झाला होता आणि भिंतीकडे तोंड करून निजलेला होता. बाहेरच्या कड्या काढून आत बसवायला हातोडी आणि खिळे लडक्याच्या पिशवीत असायचेच. पण त्याने आधी हाक मारून विचारलं, "नविनभाऊ, आत येऊ का?"

बराच वेळ दोघं बोलले. शेवटी नविनने विचारलं, "काका, भीती जाते का हो?"

"नाय," लडक्या बोलला. "काल आमच्याकडं हादरा आला, माझी बोबडी वळली. पण मी अंगणात होतो."

नविनने तोंड वळवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. नविनच्या आईने लडक्याची हातोडी घेतली आणि दाराची बाहेरची कडी उपसायला लागली.

वाचकहो, आजारी, लुळा, म्हातारा माणूस घरात कोंडून आपण कामाला जातो, ते प्रेमापोटी आणि नाइलाजाने, हे मान्य. पण भूकंप प्रेम बघत नाही, आग नाइलाज बघत नाही. ज्याचे पाय गेले त्याचे हात आहेत, आवाज आहे, अक्कल आहे. त्याला आधी बसतं करा, सरकतं करा, त्याच्या भीतीला हसू नका. आणि संकटात माणसं मोजाल तेव्हा जी पळू शकत नाहीत त्यांची नावं सगळ्यांत आधी घ्या. घर कुणाचंही असो, दाराची कडी आतल्या माणसाच्या हाताला आली पाहिजे!